खडे न होऊ देता वजन उतरवायचं : पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

१० फेब्रुवारी

काम पक्कं झालं. वजन कमी करण्याच्या आमच्या कार्यक्रमात जो कोणी येईल त्याला पहिल्याच भेटीत द्यायची छोटी पुस्तिका. विषय एकच : वजन उतरवताना पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून काय खायचं आणि काटा कोणत्या वेगानं खाली येऊ द्यायचा. आहाराचा मजकूर माझ्याकडे, वैद्यकीय तपासणी आमच्या सर्जन डॉक्टरांकडे, मांडणी आणि चित्रं तिसऱ्या सहकाऱ्याकडे.

वेगळी पुस्तिका हवीच का, यावर आज बराच वेळ गेला. आहाराच्या तक्त्यात सगळं येतंच, असं एक मत होतं. माझं म्हणणं असं की लोकांना यातली अर्धीच गोष्ट माहीत असते. लठ्ठपणामुळे खडे होतात हे कानावर आलेलं असतं. मग जितक्या लवकर वजन उतरेल तितकं चांगलं, असा सरळ हिशेब केला जातो. घात होतो तो तिथंच. जास्त वजनानं खडे होतात आणि झपाट्यानं उतरवलेल्या वजनानंही होतात. ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर, एकाच आकाराच्या अक्षरांत छापायची, एवढं आज ठरलं.

१३ फेब्रुवारी

पहिलं पान लिहायला घेतलं : खडा होतो कसा.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. पित्ताशयाची पिशवी लहान, ३० ते ५० मिलिलिटरची. पण ती नुसती साठवण करत नाही. आतलं पाणी शोषून घेऊन पित्तरस कितीतरी पटींनी दाट करते. या रसात पित्तक्षार असतात, लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, बिलिरुबिन हे पिवळसर रंगद्रव्य असतं आणि कोलेस्टेरॉल असतं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन मिळून त्याचे सूक्ष्म पुंजके बांधतात आणि त्या पुंजक्यांत बसून ते पुढं जातं. वाहून नेणारे कमी पडले किंवा कोलेस्टेरॉल वाढलं, की उरलेलं बाहेर पडू लागतं. साखरेचा पाक प्रमाणाबाहेर दाट झाला की कडेला दाणे धरतात, तसंच काहीसं.

१९६८ साली विल्यम ॲडमिरँड आणि डोनाल्ड स्मॉल यांनी या तीन घटकांचा त्रिकोण मांडला. पित्तक्षार, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांचं कोणतं प्रमाण असेपर्यंत रस नितळ राहतो आणि कुठून पुढं स्फटिक पडतात, हे त्या आकृतीत एका रेषेनं दाखवता आलं. आकृती छापायचा मोह झाला, पण पुस्तिकेत तिचं काम नाही. त्याऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या स्फटिकाचं साधं रेखाचित्र घेतोय : पातळ, पारदर्शक, तिरक्या चौकोनासारखी चकती आणि तिचा एक कोपरा चौकोनी कापल्यासारखा. खड्याची सुरुवात एवढीशी असते. अशा चकत्या पित्ताशयातल्या चिकट श्लेष्म्यात अडकतात, एकमेकींना धरतात आणि महिनोन्‌महिने थर चढत जातो.

मला या पानावर सर्वांत महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. कोलेस्टेरॉलनं गच्च भरलेला पित्तरस अनेकांचा असतो आणि तरी त्यांना खडे होत नाहीत. कारण त्यांचं पित्ताशय वेळेवर रिकामं होतं. स्फटिक मोठे व्हायच्या आत आतड्यात वाहून जातात. पित्ताशय आकुंचन पावतं ते जेवणातल्या स्निग्ध पदार्थांमुळे आणि प्रथिनांमुळे. अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पिशवी पिळली जाते. अँड्र्यू आयव्ही आणि एरिक ओल्डबर्ग यांनी ते १९२८ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे खडे टाळायचे तर दोन गोष्टी सांभाळायच्या : रसात कोलेस्टेरॉलचा भार वाढू द्यायचा नाही आणि रस साचू द्यायचा नाही. पुढची सगळी पानं याच दोन खुंट्यांवर टांगायची आहेत.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरांची सूचना, लगेच घेतली : सगळे खडे कोलेस्टेरॉलचे नसतात हे पहिल्याच पानावर लिहा. तांबड्या पेशी फार मोडतात अशा आजारांत किंवा यकृताच्या सिरोसिसमध्ये काळे रंगद्रव्याचे खडे होतात. पित्तनलिकेतल्या जंतुसंसर्गामुळे तपकिरी होतात. आहार आणि वजनाची ही चर्चा त्यांना फारशी लागू नाही. दोन ओळी पुरल्या.

१८ फेब्रुवारी

आकडे कोणते द्यायचे याची निवड. पुस्तिकेत आकड्यांची गर्दी झाली की माणूस पान उलटतो, म्हणून जे खरोखर निर्णय बदलतील तेवढेच.

अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून १९९२ साली आलेला निष्कर्ष घेतला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, २४ च्या खाली असणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ४५ च्या वर असणाऱ्यांना लक्षणं देणाऱ्या खड्यांचा धोका सातपट होता. त्याच पाहणीत, अलीकडच्या काळात १० किलोहून जास्त वजन घटलेल्या स्त्रियांमध्येही धोका वाढलेला दिसला. वजन वाढलं तरी धोका, उतरलं तरी धोका. आणि हे एकाच पाहणीतून पुढं येतं, म्हणून वाचणाऱ्याला ते जास्त पटेल.

दुसरा आकडा वजनाच्या चढउताराचा. १९९९ मध्ये याच परिचारिकांच्या नोंदींतून दिसलं की ज्यांनी मुद्दाम ९ किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरवलं आणि ते पुन्हा चढलं, त्यांच्यावर पित्ताशय काढण्याची वेळ येण्याचा धोका वजन स्थिर असणाऱ्यांपेक्षा ६८ टक्क्यांनी जास्त होता. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची ही पहिली खेप नसते. उतरवायचं, चढायचं, पुन्हा उतरवायचं, हे चक्र त्यांच्या ओळखीचं असतं. म्हणून हा आकडा ठळक छापायचा आणि शेजारी लिहायचं : जे वजन टिकवता येईल तेवढंच उतरवा.

वय, स्त्री असणं, गरोदरपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, मधुमेह, घरात कुणाला खडे असणं, हे सगळं एका परिच्छेदात उरकलं. यातलं बरंचसं आपल्या हातात नसतं आणि पुस्तिका हातात असलेल्या गोष्टींची आहे.

२४ फेब्रुवारी

वेगाचं पान. इथं घाई करायची नाही असं ठरवून बसलो होतो आणि दिवस त्यातच गेला.

वजन झपाट्यानं उतरताना आत काय घडतं? शरीरातली चरबी मोडते आणि तिच्यात साठलेलं कोलेस्टेरॉल सुटं होऊन यकृताकडे येतं. यकृत ते पित्तरसात टाकतं. त्याच वेळी जेवण कमी झाल्यानं पित्तक्षारांचा स्राव घटतो. म्हणजे ओझं वाढलं आणि वाहून नेणारे कमी झाले. भरीत भर, कमी खाण्यामुळे, त्यातही स्निग्धांश जवळजवळ काढून टाकल्यामुळे, पित्ताशयाला आकुंचनाचा इशाराच मिळत नाही. दाट रस जागच्या जागी पडून राहतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच दिशेनं.

म्हणून दिवसाला ८०० कॅलरींहून कमी असलेल्या आहारात काही महिन्यांतच १० ते २५ टक्के लोकांना नवे खडे झालेले आढळतात. सगळ्यांना त्रास होतो असं नाही. बरेच खडे सोनोग्राफीतच दिसतात. पण झालेला खडा आहार सोडल्यावर आपोआप जाईल याची खात्री नसते. धोका आठवड्याला दीड किलोहून अधिक वेग झाला की झपाट्यानं वाढतो. पुस्तिकेत मर्यादा लिहिली : आठवड्याला अर्धा ते एक किलो. पहिल्या सहा महिन्यांचं उद्दिष्ट सुरुवातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के. ९० किलोच्या माणसाला हे साडेचार ते नऊ किलो होतात. ऐकायला थोडं वाटतं. पण एवढ्यानंही रक्तदाब आणि साखर सुधारते आणि पित्ताशयही सांभाळलं जातं, हे वाक्य लगेच खाली.

आता स्निग्धांशाचा प्रयोग. इटलीतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दोन अतिकमी कॅलरींचे आहार तुलनेला घेतले. कॅलरी जवळपास सारख्याच, साडेपाचशेच्या आसपास. फरक होता स्निग्धांशात. एका गटाला दिवसाला ३ ग्रॅम, दुसऱ्याला साधारण १२ ग्रॅम. कमी स्निग्धांशाच्या गटात ११ पैकी ६ जणांना खडे झाले, दुसऱ्यात एकालाही नाही. माणसं फार थोडी, त्यामुळे यावर डोंगर उभा करता येणार नाही. तरी पुढं असे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही दिशा तीच निघाली आणि पित्ताशयाचं काम पाहता हे अगदी सुसंगत आहे. बिनतेलाचा, बिनफॅटचा आहार म्हणजे पित्ताशयाला सुट्टी आणि त्या सुट्टीतच स्फटिक वाढतात.

वजन कमी करू पाहणाऱ्याला सर्वांत आधी सांगितलं जातं ते 'तेल बंद'. त्याच्याच हातात आपण 'दोन चमचे तेल राहू द्या' असं लिहिलेलं पान देणार आहोत. हे कारणासकट सांगितल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. पहिल्या पानावरचं संप्रेरकाचं चित्र म्हणून इथं पुन्हा लहान आकारात घेतलं.

२७ फेब्रुवारी

दिवसाच्या आहाराची चौकट. नमुना १२०० कॅलरींचा घेतलाय. ज्याची गरज जास्त त्याचा आकडा जास्त राहील. नियम असा की रोजच्या गरजेतून ५०० च्या आसपास कॅलरी कमी करायच्या, त्याहून खोल जायचं नाही.

स्निग्धांश दिवसाला ३५ ते ४० ग्रॅम ठेवला, म्हणजे कॅलरींच्या पंचवीस ते तीस टक्के. आता तो वाटायचा कसा? मी तिन्ही जेवणांत सारखा वाटला होता. डॉक्टर म्हणाले, "सर, सकाळचं आधी बघा. रात्रभर पिशवीत रस साठून दाट झालेला असतो. सकाळी नुसता चहा आणि फळ घेतलं तर पिळली जाणार कशी?" मुद्दा बरोबर आहे. पित्ताशय नीट रिकामं व्हायला एका जेवणात साधारण १० ग्रॅम स्निग्धांश लागतो. तेव्हा सकाळी १० ग्रॅमच्या खाली जायचं नाही, दुपारी आणि रात्री मिळून उरलेला.

१० ग्रॅम म्हणजे किती, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. म्हणून सगळं काट्यावर मोजून छायाचित्रं घेतली. सपाट भरलेला लहान चमचा तेल : साधारण साडेचार ग्रॅम. असे दोन चमचे म्हणजे नऊ. सोललेले बदाम किंवा शेंगदाणे ३० ग्रॅम, मोठ्या माणसाची एक आखडती मूठ : पंधराच्या जवळ. एक अंडं : पाच. साय काढलेलं दूध कितीही प्यायलं तरी जवळजवळ शून्य. छायाचित्रात तेलाचे दोन चमचे बशीत ओतून ठेवले तेव्हा ते इतके कमी दिसत होते की मांडणीवाल्या सहकाऱ्यानं विचारलं, "एवढंच?" होय, एवढंच. ही मोकळीक तळण्याची नाही, हे त्याच छायाचित्राखाली लिहायचं.

कोणता स्निग्धांश, हेही आलंच. दाणे, बिया, वनस्पती तेलं, मासे यांतला अपृक्त स्निग्धांश बरा. मोठ्या पाहण्यांत संपृक्त स्निग्धांश जास्त खाणाऱ्यांत आणि वनस्पती तुपासारख्या पदार्थांतला ट्रान्स फॅट खाणाऱ्यांत खड्यांचं प्रमाण जास्त दिसलं.

५ मार्च

बाकीच्या खाण्याचं पान. इथं पुरावा निरनिराळ्या वजनाचा आहे आणि ते लपवायचं नाही.

तंतुमय पदार्थांवर माझा भर आहे. धान्य कोंड्यासकट, कडधान्यं, भाज्या, सालासकट खाता येणारी फळं. अन्न आतड्यातून लवकर पुढं सरकलं की तिथले जंतू पित्तक्षारांपासून डिऑक्सिकोलिक आम्ल कमी बनवतात. हे आम्ल वाढलं की पित्तरसातलं कोलेस्टेरॉलही वाढतं. उलट बाजूला मैदा, साखर, गोड पेयं. भरपूर आणि झटकन पचणारी कर्बोदकं खाणाऱ्यांत खडे जास्त आढळतात. इन्शुलिनचा प्रतिरोध (शरीरानं इन्शुलिनला नीट दाद न देणं) आणि खडे यांचा संबंध आहेच, म्हणून साखर कमी करण्याचा सल्ला दोन्ही बाजूंनी उपयोगाचा.

दाण्यांबद्दल २००४ मध्ये चांगली माहिती आली : आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा मूठभर दाणे खाणाऱ्या पुरुषांत खड्यांचा धोका ३० टक्के कमी, स्त्रियांत पित्ताशय काढण्याचा धोका २५ टक्के कमी. वनस्पतिजन्य प्रथिनं आणि क जीवनसत्त्व यांच्याही बाजूनं निरीक्षणं आहेत.

कॉफीवर चर्चा झाली. १९९९ मध्ये अमेरिकी पुरुषांच्या मोठ्या पाहणीत रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांचा धोका ४० टक्के कमी दिसला. कॅफीन काढलेल्या कॉफीचा असा फायदा दिसला नाही. सहकाऱ्याला हे चौकटीत हवं होतं. मी नको म्हटलं. ही सगळी निरीक्षणं आहेत. लोकांचे गट पाडून केलेले प्रयोग नाहीत. कॉफी पीत असाल तर खड्यांच्या भीतीनं सोडू नका, एवढंच लिहिलं. न पिणाऱ्यानं औषध म्हणून सुरू करावी असं सांगण्याइतका आधार नाही. झोप आणि ॲसिडिटीचे प्रश्न वेगळेच.

७ मार्च

जेवण चुकवणं आणि लांबलचक उपाशी राहणं. पोट रिकामं तोवर पित्ताशय भरत राहतं. रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या घासापर्यंतचं अंतर फार लांबणाऱ्या स्त्रियांत खड्यांचा त्रास जास्त, असं एका जुन्या अमेरिकी पाहणीत आढळलं होतं. ठराविक वेळी जेवा, सकाळचं खाणं टाळू नका. पान संपलं.

१२ मार्च

'पित्ताशय साफ करण्या'च्या उपायावर लिहायचं की नाही? डॉक्टरांना वाटत होतं, नाव घेतलं की प्रसिद्धीच मिळेल. मला वाटतं लोक आम्हाला विचारण्याआधी ते करून बसलेले असतात, तेव्हा लिहिलेलं बरं.

उपाय असा : काही तास फक्त फळांचा रस प्यायचा, मग पेलाभर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट, मऊ गोळे पडतात आणि माणूस आनंदानं सांगतो की खडे पडले. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच गोळ्यांची तपासणी छापून आली होती. ४० वर्षांची एक बाई ते गोळे घेऊन आली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत स्फटिकांची रचना दिसली नाही; ४० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटं ठेवल्यावर ते वितळून हिरवं तेलकट पाणी झालं; रासायनिक तपासणीत ७५ टक्के मेदाम्लं निघाली आणि कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम यांपैकी काहीच नाही. प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण झालेला. तिचे खरे खडे पित्ताशयातच होते; ते पुढं शस्त्रक्रियेनं काढावे लागले.

हे एवढं तपशीलवार लिहिलं कारण नुसतं 'करू नका' म्हणून भागत नाही. गोळे माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात. ते कशाचे होते हे सांगितलं तरच त्याचा विश्वास बसेल. आणि खडे असताना एकदम इतकं तेल पोटात गेलं तर पित्ताशय जोरात आकुंचन पावतं. खडा तोंडाशी अडकला तर कळ उठते.

१७ मार्च

मसुदा कार्यक्रमातल्या काही जणांना वाचायला दिला. एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नानं अख्खं एक पान बदलावं लागणार आहे. त्या म्हणाल्या, "माझ्या सोनोग्राफीत खडे आहेत, कधीमधी दुखतंही. मी सकाळी दोन चमचे तेल घ्यायचं का?"

नाही. खडे नसलेल्याला जो सल्ला संरक्षण देतो, तोच दुखणारे खडे असलेल्याला कळ आणू शकतो. स्निग्धांशानं पित्ताशय पिळलं जातं. आत खडा नसेल तर रस वाहून जातो, असेल तर तो नळीच्या तोंडाशी जाऊन बसू शकतो. हा फरक मसुद्यात कुठंतरी होता, पण तो पहिल्या वाचनात सापडला पाहिजे. आता आहाराच्या पानाच्या अगदी वर, चौकटीत : पित्ताशयात खडे आहेत हे माहीत असेल, किंवा जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात कळा येत असतील, तर हा आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

ताईंना डॉक्टरांकडे पाठवलं.

१९ मार्च

खडे असलेल्यांसाठीचं पान, डॉक्टरांबरोबर बसून.

खडे असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, असंच बहुधा घडतं. त्रास नसलेल्यांपैकी वर्षाला शंभरात एक ते चार जणांना तो सुरू होतो. म्हणून लक्षणं नसतील तर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. एकदा झालेले खडे आहारानं विरघळत नाहीत. आहाराचं काम नवे होऊ न देण्याचं, आणि दुखत असतील तर उपचार होईपर्यंत कळा टाळण्याचं.

कळ ओळखायची कशी यावर डॉक्टरांनी फार चांगलं सांगितलं, जसंच्या तसं घेतलं. दुखणं पोटाच्या वर मध्ये किंवा उजव्या बरगडीखाली. पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्याकडे जातं. जेवणानंतर किंवा मध्यरात्री येतं. येतं-जातं असं नसतं. चढतं आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकसारखं राहतं. कुशी बदलून, ढेकर देऊन, संडासला जाऊन उतरत नाही. अनेक जण ॲसिडिटी समजून वर्षानुवर्षं गोळ्या घेत राहतात. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, किंवा कळ पाच-सहा तासांत न थांबणं : यांपैकी काहीही झालं तर घरी थांबायचं नाही, रात्र असली तरी.

सोनोग्राफीचं चित्रही घेतलं. पित्ताशय काळं, नासपतीच्या आकाराचं. आत खडा पांढरा ठिपका आणि त्याच्या मागं काळी सावली. कूस बदलली की ठिपका घरंगळतो. तपासणी उपाशीपोटी का, हेही आता कुणालाही कळेल : जेवलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि आतलं नीट दिसत नाही.

२६ मार्च

औषधांचं पान. लिहिणार डॉक्टर, मी फक्त भाषा सोपी केली.

वजन झपाट्यानं उतरणारच असेल, उदाहरणार्थ लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर, तर अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, म्हणजे पित्तरसातलं कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, काही महिने देता येतं. १९९५ च्या एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांत, औषध नसलेल्या गटात ३२ टक्क्यांना खडे झाले; रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत २ टक्क्यांना. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत, ५२० कॅलरींच्या आहारावरच्या लोकांत, याच औषधानं खड्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत नुसते दिसणारे खडे मोजले नाहीत, त्रास देणारे मोजले. तिथं फरक लहान निघाला, ९.७ वरून ६.५ टक्के. दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे, म्हणजे अपेक्षा जागेवर राहील. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार हे औषध वजन स्थिर होईपर्यंत, तात्पुरतं. स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही. अर्ध्या-एक किलोच्या वेगानं उतरणाऱ्याला सहसा गरजही नाही.

वजनासाठीच्या नव्या इंजेक्शनांचा, जीएलपी-१ या भूक कमी करणाऱ्या गटातल्या औषधांचा, उल्लेख हवाच. २०२२ मध्ये ७६ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा पित्ताशय आणि पित्तनलिकेच्या आजारांचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त निघाला. प्रत्यक्षात हे वर्षाला दहा हजारांत २७ जादा रुग्ण होतात. डोस मोठा, मुदत लांब आणि हेतू वजन कमी करण्याचा असेल तेव्हा धोका अधिक. नुसते ३७ टक्के लिहिले तर माणूस घाबरून औषध सोडेल, नुसते २७ लिहिले तर दुर्लक्ष करेल. दोन्ही लिहिले. इंजेक्शन घेताना पोटाच्या वरच्या भागात कळ आली तर लगेच सांगा, ही ओळ ठळक.

२ एप्रिल

व्यायामाचं पान लहान ठेवलं, पण मनापासून लिहिलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पुरुषांच्या पाहणीवरून असा अंदाज निघाला की आठवड्यातून पाचदा अर्धा तास दमवणारा व्यायाम केला तर लक्षणं देणाऱ्या खड्यांची ३४ टक्के प्रकरणं टळू शकतील. वजन फारसं न हलताही चालण्या-धावण्याचा फायदा मिळतो, ही गोष्ट ज्यांचा काटा अडून बसलाय त्यांना सांगायलाच हवी.

८ एप्रिल

छपाईआधीची शेवटची बैठक. पुस्तिकेवर फार बोलणं झालं नाही; कार्यक्रमावर झालं. आमच्या साप्ताहिक वजनाच्या वेळी सगळ्यांत जास्त किलो उतरवणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहिलं जातं. एका हातानं 'सावकाश उतरवा' म्हणून पुस्तिका द्यायची आणि दुसऱ्या हातानं सर्वांत वेगवान माणसाचं कौतुक करायचं, हे चालणार नाही, असं मी मांडलं. डॉक्टरांनी लगेच पाठिंबा दिला. प्रशिक्षकांना उत्साह जाईल अशी काळजी होती आणि ती खोटी नाही. लोक फळ्यासाठी खरंच जीव ओततात.

शेवटी तोडगा निघाला. फळा राहील. त्यावर ज्यांनी लागोपाठ चार आठवडे ठरलेल्या वेगात वजन उतरवलं त्यांची नावं येतील, आणि सहा महिने उतरलेलं वजन टिकवणाऱ्यांची वेगळ्या रंगात. वजनाच्या तक्त्यात एक नवा रकाना घालतोय. पहिले दोन आठवडे सोडून, कारण तेव्हा पाणीच जास्त उतरतं, त्यानंतर कुणाचंही वजन लागोपाठ दोन आठवडे दीड किलोहून अधिक घटलं तर प्रशिक्षकानं माझ्याकडे पाठवायचं. मी तीन गोष्टी बघेन : कॅलरी किती खाल्ल्या जातात, सकाळच्या खाण्यात १० ग्रॅम स्निग्धांश आहे का, आणि कोणतं जेवण चुकतंय. गरज पडली तर कॅलरी वाढवायच्या आणि डॉक्टरांना कळवायचं. तक्ता पुढच्या वजनाच्या दिवसापासून लागू, पुस्तिकेची फाइल आज छपाईला गेली.